शंभर वर्षांपूर्वीचा डायफ्रॅम आज दुकानात का मिळत नाही?

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वय २९, पुण्यात नोकरी, एक मूल. गोळ्यांनी डोके धरते, तांबी बसवून घ्यायला मन धजत नाही, आणि निरोध वापरायचा की नाही हे दर वेळी नवऱ्याच्या मर्जीवर राहते. र. धों. कर्वे मुंबईत १९२१ पासून बायकांना संततिनियमनाची साधने देत होते, हे त्यांच्या वाचनात आले. तेव्हापासून त्या डायफ्रॅम, म्हणजे बाईने स्वतः आत बसवायची रबरी वाटी, शोधताहेत. औषधांच्या दुकानांत कुणाला नावही ठाऊक नाही. म्हणून त्या विचारतात की हे साधन कुचकामी होते म्हणून मागे पडले का, आणि परदेशातून मागवून वापरले तर चालेल का.

इथे दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. साधन काम करते का, हा एक. आणि ते बाजारातून का गेले, हा दुसरा. आपण सहसा दुसऱ्याच्या उत्तरावरून पहिल्याचे उत्तर ठरवतो: दुकानात नाही म्हणजे टाकाऊ असणार. डायफ्रॅमच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. मी नाशिकला स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षे काम करते आहे. डायफ्रॅम वापरणाऱ्या बायका माझ्याकडे मोजक्याच आल्या, त्याही बहुतेक परदेशात राहून आलेल्या. पण त्यांच्याकडे पाहून आणि या साधनाचा इतिहास वाचून माझे मत असे झाले आहे की रबरात फारसे काही वाईट नव्हते. त्या रबराला सोबत लागते ती माप घेणाऱ्या शिकलेल्या हाताची, समजावून सांगायला वेळाची, घरात आडोशाची आणि पाण्याची. ही सोबत जिथे मिळाली तिथे ते चालले. जिथे मिळाली नाही तिथे दोष साधनाच्या आणि बाईच्या माथी मारला गेला.

आधी हे साधन बसवतात कसे ते सांगते, म्हणजे पुढचे कळेल. डायफ्रॅम म्हणजे कडेला स्प्रिंग असलेली उथळ रबरी वाटी. ती गर्भाशयाच्या तोंडावर झाकण म्हणून बसते, म्हणून शुक्रजंतू आत जात नाहीत. माप घेताना डॉक्टर दोन बोटे योनिमार्गात पार मागच्या कोपऱ्यापर्यंत नेतात आणि समोरच्या हाडाची कड बोटाला जिथे टेकते तिथे अंगठ्याने खूण धरून ठेवतात. बोटाच्या टोकापासून त्या खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे साधारण व्यास. मग नमुन्याच्या कड्यांतले त्या मापाचे कडे घालून बघायचे. मापे ५ मिलिमीटरच्या फरकाने येतात, आणि बहुतेक बायकांना ६५ ते ८० मिलिमीटरमधले कुठले तरी लागते. लहान घेतले तर संबंधाच्या वेळी सरकते. मोठे घेतले तर पोटात दाबल्यासारखे होते, लघवीला त्रास होतो. इथवरचे काम डॉक्टरचे, आणि ते सोपे. अवघड काम पुढचे. बाईने स्वतः उकिडवे बसून, किंवा एक पाय स्टुलावर ठेवून, वाटीची कड चिमटीत दाबायची, आत सरकवायची आणि बोट घालून तपासायचे की रबराखाली गर्भाशयाचे तोंड लागते का. ते हाताला नाकाच्या शेंड्यासारखे लागते, हे सांगितले की पटकन कळते. पण आयुष्यात पहिल्यांदा तिथे बोट नेणाऱ्या बाईला ते धाडस वाटते. तिच्याशी न घाई करता बोलावे लागते. ओपीडीत बाहेर पंचवीस जणी खोळंबलेल्या असताना हे होत नाही.

वाटीत शुक्रजंतुनाशक जेली घालायची. संबंधानंतर किमान ६ तास ती आतच ठेवायची, २४ तासांच्या वर ठेवायची नाही. काढली की साध्या साबणाने धुवायची, कोरडी करायची, उजेडासमोर धरून भोक पडले नाही ना ते बघायचे आणि डबीत ठेवायची. बाळंतपणानंतर किंवा वजन बरेच वरखाली झाल्यावर माप पुन्हा घ्यायचे. या एका परिच्छेदात किती गोष्टी आल्या ते मोजा. पुढचा सगळा इतिहास याच गोष्टींभोवती फिरतो.

गर्भाशयाच्या तोंडाशी काहीतरी ठेवायचे, ही कल्पना फार जुनी. इजिप्तमध्ये सापडलेल्या, सुमारे इ.स.पू. १८५० च्या पपायरसात मगरीच्या शेणाची गोळी आत ठेवायला सांगितली आहे, आणि सगळे लेख तिथेच थांबून हसतात. मला इ.स.पू. १५५० च्या सुमाराचा दुसरा पपायरस जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात बाभळीच्या जातीच्या झाडाचा भाग, खजूर आणि मध एकत्र वाटून त्यात बुडवलेला बोळा ठेवायला सांगितले आहे. बाभळीचा डिंक आंबला की लॅक्टिक आम्ल तयार होते आणि ते शुक्रजंतूंना मारक असते. आज नव्या डायफ्रॅमबरोबर जी जेली मिळते तिच्यातही लॅक्टिक आम्लच असते. दुसऱ्या शतकात रोममध्ये नाव कमावलेला सोरेनस हा वैद्य लोकरीचा बोळा तेलात, मधात किंवा देवदाराच्या राळेत भिजवून ठेवायला सांगतो. आपल्याकडच्या मध्ययुगीन आयुर्वेदिक ग्रंथांत तेल लावलेल्या सैंधवाच्या खड्याचा उल्लेख येतो. तीव्र मिठाच्या पाण्यात शुक्रजंतू लुळे पडतात, त्यामुळे तोही अगदी अंधारातला तीर नव्हता. पण म्हणून कुणी घरी करून बघू नये. योनीतली त्वचा नाजूक असते, मीठ आणि लिंबू दोन्ही तिला भाजतात. अशा घरगुती उपायांनी जखमा झालेल्या मुली मी तपासलेल्या आहेत.

खरा बदल झाला तो रबराने. १८३८ साली फ्रीडरिश विल्डे या जर्मन डॉक्टरने प्रत्येक बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाचा मेणात ठसा घेऊन त्यावरून रबरी टोपी करण्याची पद्धत सांगितली. तेव्हाचे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक व्हायचे. १८४४ मध्ये चार्ल्स गुडइयरने गंधकाबरोबर रबर तापवून टिकाऊ करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि मग टोप्या, निरोध सगळेच स्वस्तात करता येऊ लागले. १८८२ मध्ये फ्लेन्सबुर्गच्या विल्हेल्म मेन्सिंगा या डॉक्टरने रबरी वाटीच्या कडेत घड्याळाची स्प्रिंग बसवली. तोच डायफ्रॅम. त्याने ते लिखाण सी. हासे या टोपणनावाने छापले. आपल्या नावाने छापायची हिंमत एका डॉक्टरला होत नव्हती, यावरून तेव्हाची हवा कळते.

ते लिखाण ॲम्स्टरडॅममध्ये आलेटा याकोब्स यांच्या हाती पडले. त्या नेदरलँड्समधल्या पहिल्या महिला डॉक्टर. गरीब बायकांसाठी त्या मोफत दवाखाना चालवत आणि वर्षाला एक बाळंतपण करून झिजलेल्या बायका रोज पाहत. त्यांनी मेन्सिंगाचे साधन आपल्या रुग्णांना देऊन, नंतर तपासून, खात्री करून घेतली. त्यांच्यामुळे इंग्लंड-अमेरिकेत या वाटीला 'डच कॅप' हेच नाव पडले. एका पुरुषाने बनवलेले साधन बाईने बाईला शिकवले तेव्हा चालू लागले, असे मी विद्यार्थिनींना सांगते.

इथेच एक वाद सुरू झाला आणि तो आजही मिटलेला नाही. याकोब्स यांचे म्हणणे, हे साधन डॉक्टरनेच बसवावे. हेगचे डॉ. योहानेस रुटगर्स यांचे म्हणणे, नीट शिकवले तर डॉक्टर नसलेली बाईही बसवू शकते, आणि ते अशा बायकांना तयार करत. १९१५ साली अमेरिकेतली परिचारिका मार्गारेट सँगर नेदरलँड्सला गेली तेव्हा याकोब्स यांनी तिला भेट नाकारली, कारण ती डॉक्टर नव्हती. रुटगर्सनी मात्र तिला माप घेणे शिकवले. तिने १६ ऑक्टोबर १९१६ ला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात दवाखाना उघडला आणि दहा दिवसांत पोलिसांनी तो बंद पाडला. पुढे गंमत अशी झाली की कोर्टातून सवलत मिळाली ती 'डॉक्टरने दिले तर चालेल' एवढीच, आणि त्याच सँगरबाईंनी आपली चळवळ डॉक्टरांच्या हाती सोपवली. कायद्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते. पण ज्या बाईच्या गावात डॉक्टरच नाही, तिच्यापुरता डायफ्रॅम तिथेच संपला.

कायद्याचा बडगा किती होता याची दोन उदाहरणे देते. १८८७ मध्ये लीड्सच्या हेन्री ऑलबट या डॉक्टरचे नाव इंग्लंडच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकले गेले. त्याने विवाहित बायकांसाठी एक पुस्तिका लिहिली होती, तिच्यात मेन्सिंगाच्या वाटीची माहिती होती, आणि आक्षेपाचा मुद्दा असा की किंमत फक्त सहा पेन्स! महाग पुस्तक असते तर बहुधा खपून गेले असते. अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने अशी साधने टपालाने पाठवणे किंवा परदेशातून आणणे गुन्हा ठरवला होता. म्हणून चोरटी आयात चाले. सँगरचे पती नोआ स्ली यांच्या तेलाच्या धंद्यातल्या पिंपांतून कॅनडामार्गे डायफ्रॅम येत. कॅथरिन मॅकॉर्मिक या श्रीमंत बाईंनी युरोपात नवे कपडे घेतले, शिंप्याकडून त्यांच्या अस्तरांत डायफ्रॅम शिवून घेतले आणि ट्रंका भरून अमेरिकेत आणल्या. १९३२ मध्ये एका जपानी डॉक्टरने न्यूयॉर्कच्या डॉ. हॅना स्टोन यांना १२० साधनांचे पार्सल पाठवले, ते कस्टम्सने पकडले. १९३६ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की डॉक्टरला आपल्या रुग्णासाठी अशा वस्तू आणता येतील. तिथून पुढची वीस-पंचवीस वर्षे अमेरिकेतल्या शहरी मध्यमवर्गात डायफ्रॅम हे डॉक्टरांचे आवडते साधन होते. घरात न्हाणीघर होते, नळाला पाणी होते, माप घेणारी डॉक्टर होती.

लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी १७ मार्च १९२१ ला दवाखाना काढला. त्यांचा भर डायफ्रॅमपेक्षा लहान, थेट गर्भाशयाच्या तोंडावर बसणाऱ्या टोपीवर होता, आणि तिथे माप घेण्याचे काम परिचारिका करत. त्या टोपीला त्यांनी 'प्रो-रेस', म्हणजे 'वंशाच्या हिताची', असे नाव दिले होते. गरिबांची पैदास कमी व्हावी, वंश 'सुधारावा' ही भाषा त्या काळच्या या चळवळीत सर्रास होती, सँगर यांच्याही. बाईच्या सोयीची साधने आणि बाईवर नियंत्रण ठेवू पाहणारे विचार एकाच दुकानात विकले जात, हे लपवून इतिहास सांगू नये.

आता ताईंच्या वाचनातल्या मुंबईकडे येते. रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक. पॅरिसला शिकून आल्यावर १९२१ मध्ये, म्हणजे स्टोप्स यांच्याच वर्षी, त्यांनी पत्नी मालतीबाईंच्या साथीने मुंबईत सल्ला आणि साधने देणारे केंद्र सुरू केले. विल्सन कॉलेजातली नोकरी त्यांना याच पायी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत राहिले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते, आणि पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये आंबेडकरांच्याच स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाची सोय सरकारने करावी असा ठराव रोहम यांनी मांडला. तो फेटाळला गेला. म्हैसूर संस्थानाने मात्र १९३० मध्येच सरकारी दवाखान्यांत असे केंद्र काढायचा आदेश दिला होता. पुण्यात शकुंतलाबाई परांजपे यांनी हे काम हाती घेतले आणि राज्यसभेपर्यंत त्याचा आवाज नेला.

समोर विरोध लहानसहान नव्हता. डिसेंबर १९३५ मध्ये सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींना कृत्रिम साधने मान्य नव्हती, त्यांचा मार्ग संयमाचा. ही भेट इतिहासातली मजेची गोष्ट म्हणून सांगतात, पण तिचा परिणाम पुढे धोरणात दिसला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या अनुयायी. सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेमार्फत सल्लागार आले ते डॉ. अब्राहम स्टोन, म्हणजे जपानी पार्सलवाल्या हॅना स्टोन यांचे पती. ज्यांच्या घरात डायफ्रॅमचा सगळा अनुभव होता, त्यांना इथे प्रयोग करायला लावला तो पाळीचे दिवस मोजण्याच्या पद्धतीचा! दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि म्हैसूरच्या रामनगरमध्ये बायकांना दिवस मोजायला रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. त्यातून फारसे काही निष्पन्न झाले नाही.

१९५२ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि त्याच दशकात डायफ्रॅम आणि जेली सरकारी केंद्रांतून मिळू लागली. फेस येणाऱ्या, योनीत ठेवायच्या गोळ्याही आल्या. म्हणजे ताई, हे साधन आपल्याकडे आले नाही असे नाही. सरकारने स्वतः ते वाटले. मग काय झाले? एका खोलीत सासू-सासरे, दीर, मुले झोपलेली. मोरीला दार नाही. पाणी विहिरीवरून डोक्यावर आणायचे. अंधारात उठून, कुणाला चाहूल न लागता, वाटीत जेली घालून ती बसवायची, आणि सकाळी धुऊन वाळत घालायची कुठे? चाळीतल्या बाईचे हेच, वाड्यातल्या बाईचेही थोडेफार हेच. फेसाच्या गोळ्या त्यामानाने सोप्या, पण आपल्या दमट हवेत त्यांना ओल लागायची आणि मग फेसच यायचा नाही. पंजाबच्या खेड्यांत झालेल्या खन्ना अभ्यासात लोकांनी गोळ्या घेतल्या खूप आणि वापरल्या कमी. कुणी प्रेमाने घरी येऊन काही देऊ केले तर नाही म्हणायची आपल्याला सवय नाही.

त्यावर दोन उपाय होते. एक, डायफ्रॅमला लागणारी सोबत उभी करायची: गावोगावी माप घेऊ शकणाऱ्या परिचारिका आणि शिकवायला वेळ. दुसरा, बाईला दर वेळी काही करावेच लागू नये असे साधन आणायचे. सरकारने दुसरा निवडला. १९६५ मध्ये लूप, म्हणजे गर्भाशयात बसवायचे प्लास्टिकचे वेटोळे, आला, १९६८ मध्ये १५ पैशांना तीन या दराने सरकारी निरोध आला, आणि मग ऑपरेशनची शिबिरे. आणीबाणीत पुरुष नसबंदीवरून जो उद्रेक झाला त्यानंतर सगळे ओझे बायकांच्या ऑपरेशनवर आले. ते आजतागायत तिथेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांचे ऑपरेशन झालेले आढळले आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. डायफ्रॅम सरकारी यादीत उरला नाही, डॉक्टरांना शिकवला गेला नाही, म्हणून लिहून दिला गेला नाही, म्हणून दुकानदाराने ठेवला नाही. तुम्हाला दुकानात जे उत्तर मिळाले त्याची साखळी ही.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगायला हवी. डायफ्रॅमच्या कैवाऱ्यांनाही त्याच्या मर्यादा ठाऊक होत्या. अस्तरात डायफ्रॅम लपवून आणणाऱ्या मॅकॉर्मिकबाईंनीच १९५० च्या दशकात सँगर यांच्या सांगण्यावरून शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस यांच्या संशोधनाला जवळजवळ सगळा पैसा पुरवला आणि त्यातून गर्भनिरोधक गोळी आली. १९६० मध्ये अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली आणि दहा-पंधरा वर्षांत तिथेही डायफ्रॅम कोपऱ्यात गेला. त्यामुळे 'भारत सरकारने चांगले साधन मारले' एवढ्यावर मी थांबणार नाही. निवड असती तर बहुतेक बायकांनी बहुधा गोळी किंवा तांबीच घेतली असती. माझी तक्रार इतकीच की ज्या थोड्यांना डायफ्रॅम सोयीचा होता, त्यांच्यासाठीही तो ठेवला गेला नाही.

आता परिणामकारकतेचे आकडे. वर्षभर नेहमीच्या, म्हणजे कधी विसरत कधी चुकत केलेल्या वापरात, शंभर बायकांपैकी डायफ्रॅम आणि जेली वापरणाऱ्या १२ ते १७ जणींना दिवस जातात. पुरुषांच्या निरोधात हा आकडा १३ ते १८, बायकांच्या निरोधात २१, गोळ्यांत ७ ते ९, आणि तांबीत एकाहून कमी. योनीत ठेवायचा, शुक्रजंतुनाशक भरलेला स्पंज अमेरिकेत १९८३ पासून मिळाला, तो मूल झालेल्या बायकांत मूल न झालेल्या बायकांपेक्षा जवळजवळ दुप्पट वेळा फसतो. आपल्याकडे 'टुडे' नावाने योनीत ठेवायच्या गोळ्या मिळतात, त्या अडथळ्याचे साधन नव्हेत, त्यात नॉनॉक्सिनॉल-९ हे रसायन असते आणि एकट्याने त्यांचा भरवसा कमी. शिवाय ते रसायन दिवसातून अनेकदा वापरणाऱ्या बायकांत एचआयव्हीचा धोका वाढतो असे २००० च्या सुमारास दिसून आले. डायफ्रॅमही गुप्तरोगांपासून भरवशाचे संरक्षण देत नाही, ते निरोधच देतो.

बायकांच्या निरोधाचा उल्लेख आलाच आहे तर आमच्या गावची गोष्ट सांगते. लासे हेसेल या डॅनिश डॉक्टरने तो तयार केला, १९९३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. नाशिकपासून तासाभराच्या आत सिन्नरला क्युपिड कंपनीचा कारखाना आहे, तिच्या बायकांच्या निरोधाला २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीची पूर्वमान्यता मिळाली आणि दक्षिण आफ्रिकेत तो मोठ्या प्रमाणावर जातो. आणि नाशिक शहरात एखाद्या बाईला मी तो लिहून दिला तर ती दोन दिवसांनी रिकाम्या हाताने येते. दक्षिण आफ्रिकेत सरकार तो विकत घेऊन फुकट वाटते, परिचारिका लाकडी नमुन्यावर घालून दाखवतात. इथे तो पुरुषांच्या निरोधाच्या कितीतरी पट महाग, आणि मागणी नाही म्हणून दुकानात नाही.

तुमच्यासारख्या बाईला डायफ्रॅम मानवेल का, हे कशावर अवलंबून आहे? लघवीची जळजळ वारंवार होत असेल तर मी देणार नाही, कारण कडेचा दाब आणि जेली दोन्हींनी तो त्रास वाढतो. अंग खाली आलेले असेल तर वाटी टिकत नाही. दिवस गेले तर चालणारच नाही अशी परिस्थिती असेल तर मी तांबीचाच आग्रह धरीन. पण अंतर ठेवायचे आहे, एखाद वेळी चुकले तर सांभाळून घेऊ, आणि घरात दार लावता येणारे न्हाणीघर आहे, असे असेल तर विचार करायला हरकत नाही. जर्मनीहून परतलेली एक पेशंट मला म्हणाली होती की तिकडे चार वर्षे काही अडले नाही, इथे आल्यावर पहिला प्रश्न पडला तो वाटी वाळत कुठे घालायची हा, कारण सासूबाई सगळ्या वस्तू उचलून बघतात. तिने शेवटी मेकअपच्या पाउचमध्ये टिश्यू पेपरात ठेवायला सुरुवात केली. दुसरीकडे, अलीकडे पाळीसाठी कप वापरणाऱ्या मुली येतात, त्यांना बोटाने आत तपासायला शिकवावे लागत नाही, माझे अर्धे काम झालेले असते. फक्त एक घोटाळा टाळा. पाळीचा कप गर्भ रोखत नाही. दिसायला भाऊबंद असले तरी काम वेगळे.

तुमच्या डोकेदुखीबद्दलही दोन शब्द. डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेषा दिसत असतील तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या तुम्ही घेऊच नयेत, आणि हे तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. तसे नसेल तरी पर्याय आहेत. सरकारी दवाखान्यात मिळणारी 'छाया' ही लखनौच्या प्रयोगशाळेत शोधलेली गोळी हार्मोनची नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा घ्यायची असते.

परदेशातून मागवायचा तर साधारण २०१३ पासून युरोपात मिळणारा काया हा एकाच मापाचा सिलिकोनचा डायफ्रॅम बघा. ज्यांना जुन्या मापात ६५ ते ८० लागले असते, अशा बहुतेकींना तो बसतो, म्हणजे माप घेणारा हात लागण्याची अडचण पुष्कळ कमी झाली. पण 'बहुतेकींना' म्हणजे सगळ्यांना नव्हे, आणि मूल झाल्यावर हे आधी तपासून घेतलेले बरे. त्यासोबतची लॅक्टिक आम्लाची जेलीही मागवा, इथे ती मिळायची मारामार. खोबरेल तेल, व्हॅसलीन असले काही लावू नका. काया सिलिकोनचा आहे, पण जुना रबरी डायफ्रॅम किंवा निरोध असेल तर तेलाने तो बघता बघता कुजतो. काया साधारण दोन वर्षांनी बदलायचा. हाताशी तातडीची गोळी ठेवा, साधन फसल्याची शंका आली तर ती संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची. आणि साधन फसून दिवस गेले तर गर्भपाताचे ते कायद्याने मान्य कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी विवाहित असण्याची अटही राहिलेली नाही.

साधन हाती आले की घरी दिवसा, निवांत असताना, चार-पाचदा घालून-काढून बघा. मग ते आत घालूनच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि 'बसले आहे का तेवढे बघा' म्हणा. त्यांनी डायफ्रॅम कधी पाहिला नसला तरी गर्भाशयाचे तोंड झाकले गेले आहे की नाही हे कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला बोटाने कळते. तोपर्यंत निरोध चालू ठेवा.